ट्रेव्हारोची मिनिटं

डेन्झिल ट्रेव्हारो बोलायला लागला की तीन घरं पलीकडची माणसं आपलं बोलणं थांबवत. भांडण नसे, राग नसे. "मीठ दे" एवढंच म्हणायचं असे, पण ते तो समोरच्या डोंगराला ऐकवत असल्यासारखं म्हणे. मेजर होऊन निवृत्त झाला, केस पिकले, तरी ते काही गेलं नाही. सगळं खानदानच तसलं. आजोबा कॉर्नवॉलहून तांब्याच्या खाणीत राबायला मिशिगनच्या उत्तर टोकाला आले, बाप त्याच खाणीत उतरला, आणि खाणीत हळू बोलणारा माणूस फार दिवस टिकत नाही. वरून दगड सुटला तर ते काय कुजबुजत सांगणार? त्यामुळे ट्रेव्हारोंच्या घरी प्रार्थनासुद्धा अशी चाले की देवाला ऐकू कमी येतं की काय असं पाहुण्याला वाटावं.

त्या गावचं तळं नोव्हेंबरात गोठे ते एप्रिलपर्यंत. पोरं ज्या वर्षी चालायला शिकत त्याच वर्षी स्केट्सवर उभी राहत. कोटाच्या खिशात आईने दिलेली गरम पास्टी, बटाटा, सलगम आणि मांस भरून भाजलेली, आधी हात शेकायला आणि मग खायला. हातात काठी. हॉकी डेन्झिलला कुणी शिकवल्याचं आठवत नाही, जसं जेवायला कुणी शिकवल्याचं आठवत नाही.

आणि त्या काळची हॉकी म्हणजे निम्मी पायांची आणि निम्मी तोंडाची. चकती पुढे देता येत नसे. द्यायची तर बाजूला द्या, नाहीतर मागे. म्हणजे चकती घेऊन जो पुढे सुटला त्याला आपली माणसं दिसतच नाहीत, कारण ती सगळी त्याच्या पाठीमागे. मागच्याने ओरडायचं, "सोड, मी आहे!" आणि पुढच्याने न बघता सोडायची. ज्याचा घसा मोठा त्याच्याकडे चकती जास्त यायची. डेन्झिलकडे ती फार यायची.

असा हा प्राणी एका जून महिन्यात परीक्षा पास होऊन नदीकाठच्या कड्यावरच्या आमच्या लष्करी अकादमीत येऊन पडला. नवं शतक लागून तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती.

अकादमीने पहिल्या दिवशी त्याचे केस कापले आणि दुसऱ्या दिवशी आवाज. नवख्याने वर्षभर वरच्या वर्गातल्या कुणाशीही आपणहून बोलायचं नाही. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचं. का केलंस असं विचारलं तर उत्तर एकच, "सबब नाही, सर." मग खरोखरीची सबब असो वा नसो. हनुवटी गळ्यात रुतवून भिंतीच्या कडेने चालायचं, कोपऱ्यावर काटकोनात वळायचं. वरचे त्याला 'मिस्टर' म्हणणार, अहो-जाहो करणार, आणि त्या अहो-जाहोत अशी हेटाळणी की त्यापेक्षा शिवी परवडली.

घसा मोकळा करायची मुभा एकाच कामात होती, मिनिटं पुकारण्याच्या. हजेरीला दहा मिनिटं उरली की नवख्याने ताठ उभं राहून ओरडायचं, की हजेरीला इतकी मिनिटं राहिली, पोशाख अमुक. मिनिट मात्र अचूक हवं. चुकीचं मिनिट सांगणं म्हणजे खोटं बोलणं, आणि खोटं बोलणाऱ्याला अकादमी थेट घरचं तिकीट काढून देई. डेन्झिलने पहिल्या सकाळी मिनिटं पुकारली तेव्हा वरच्या मजल्यावर दाढी करणाऱ्या एकाने दचकून स्वतःचा गाल कापून घेतला. बाकी दिवसभर पोरगा मुका. चार शब्द बोलायची चोरी असलेल्या त्या घरात तो आतल्या आत वाळत चालला होता, आणि बापाला कळवून निघून यावं हा विचार रोज एकदा तरी त्याच्या मनात येऊन जाई.

मग तळं गोठलं आणि हॉकी आली.

आणली ती एमरी लॅथ्रॉपने. लॅथ्रॉप शेवटच्या वर्षाचा, व्हरमाँटच्या डोंगरातला, उंच, शब्दांचा कंजूष आणि बर्फावर वाऱ्यासारखा. अकादमीचे प्रमुख कर्नल स्प्रॅग हे घोडेस्वार माणूस. ज्या खेळात घोडा नाही तो खेळ त्यांना संशयास्पद वाटे. लॅथ्रॉपने चार वेळा अर्ज केला तेव्हा ते वैतागून म्हणाले, "तीन सामने देतो. एक तरी जिंकून दाखवा. नाही जमलं तर पुढच्या हिवाळ्यापासून त्या तळ्यावर माझी बायको आणि तिच्या मैत्रिणी घसरतील. तुम्ही नाही."

लॅथ्रॉपने स्वतःला धरून सात गडी निवडले. सहा वरच्या वर्गांतले आणि सातवा डेन्झिल, कारण बर्फावर त्याला पाहिल्यावर नाही म्हणणं शक्यच नव्हतं. त्या रात्री डेन्झिलने खोलीतल्या जोडीदाराला, ओटिस फिस्कला, सगळं सांगून टाकलं. नवखे आपापसात बोलू शकत, नशीब.

"ओटिस, इथे मी जिवंत असतो तो फक्त बर्फावर. हा खेळ बंद पडला ना, तर मी चाललो घरी."

ओटिस अलाबामाचा. बर्फ त्याने आजवर लिंबाच्या सरबतातच पाहिलेला. "म्हणजे तुझं लष्करी भवितव्य एका गोठलेल्या डबक्यावर टांगलेलं आहे म्हण की," तो म्हणाला. "जिंका मग. मला तुझ्या जागी दुसरा घोरणारा नकोय."

पहिला सामना आपल्याच तळ्यावर झाला. लॅथ्रॉप चकती घेऊन निघाला की समोरची पोरं वाटेतून उडत, आणि प्रत्येक वेळी तो शेवटच्या दोघांत जाऊन अडके. त्याच्या मागे, डाव्या हाताला, डेन्झिल एकटा मोकळा. समोर अर्धा गोल उघडा. ओरडायला तोंड उघडलं की आठ महिन्यांची सवय घशाशी येऊन बसे. वरच्या वर्गातला माणूस, त्याने आपल्याला काही विचारलेलं नाही. डेन्झिल तोंड मिटून त्याच्यामागे पळत राहिला आणि अकादमी हरली.

खेळ संपल्यावर लॅथ्रॉप त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

"मिस्टर ट्रेव्हारो, कुठे होता आपण?"

"तुमच्या मागे, सर."

"मोकळे होतात?"

"हो, सर."

"मग तसं सांगितलं का नाहीत?"

"सबब नाही, सर."

"सबब नाही!" लॅथ्रॉप बाकीच्यांकडे वळला. "ऐकलंत? साहेब मागे उभे राहून देखावा बघत होते, आणि सबब नाही!"

आता याला काय म्हणावं? सहाच्या सहा जण हुशार, गणितात पहिले, तोफांचे पल्ले तोंडपाठ. पण हे पोरगं आपल्याच नियमाने गप्प बसलंय हे एकाच्याही टाळक्यात आलं नाही. ते स्वतः नवखे असताना तसेच गप्प राहिले होते. नवखा बोलत नाही हे त्यांच्या लेखी सूर्य पश्चिमेला मावळतो तसंच होतं. आणि डेन्झिलला खुलासा करायचा तर त्यासाठी आधी कुणीतरी विचारायला हवं. विचारलं तर होतं, पण 'का' म्हणून विचारलं होतं.

दुसऱ्या सामन्याला डेन्झिलने डोकं लढवलं. नियमात एक पळवाट होती, परवानगी मागायची. बरोबरी चालू होती, लॅथ्रॉप सुटला, दोघांनी त्याला घेरलं, आणि मागून खणखणीत आवाज आला:

"सर, मिस्टर ट्रेव्हारो यांना बोलण्याची परवानगी मिळावी, सर!"

लॅथ्रॉप पक्का सैनिक. त्याने मान वळवली आणि म्हणाला, "परवानगी आहे." तेवढ्यात समोरच्याने त्याच्या काठीवरून चकती उचलली, पार दुसऱ्या टोकाला नेली आणि गोल केला. सामना तिथेच गेला.

"काय म्हणायचं होतं आपल्याला?" लॅथ्रॉपने नंतर दात आवळून विचारलं.

"मी मोकळा आहे असं, सर."

"फार उपकार झाले. पुढच्या सामन्यात एकच करा. गप्प राहा."

त्या रात्री डेन्झिल पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला. ओटिस बूट चमकवत बसला होता.

"शेवटच्या सामन्याला आणखी कुणी चांगलं येतंय ना? ऑर्डवे कॉलेज?"

"हो. या मोसमात अजून हरलेलं नाही."

"मग पेटी बांधायला घेऊ तुझी?"

"गप रे."

"मी गप, तू गप, सगळी इमारत गप. तुझं नशीबच खोटं. देवाने एवढा भोंगा दिला, तो चालतो कधी, तर जेवायला चला सांगताना! अरे, काल मिनिटं पुकारलीस तर नदीवरच्या होडीतला माणूस खिशातून घड्याळ काढून बघत होता, शपथेवर सांगतो."

डेन्झिल उठून बसला. ओटिसकडे पाहत राहिला. मग पुन्हा आडवा झाला. "नाही जमणार. सामना हजेरीच्या तासभर आधी संपतो. दहा मिनिटं उरायच्या आत पुकारलं तर नियमभंग, आणि उगाच आकडा सांगितला तर खोटेपणा."

"काय बडबडतोयस?"

"काही नाही. झोप."

पण नशीब एखाद्या दिवशी उगाच चांगलं वागतं. शनिवारी बर्फ पडून रेल्वेचा रस्ता तुंबला आणि ऑर्डवेची मंडळी दीड-एक तास उशिरा, नाकं लाल करून उगवली. खेळवावं की परत पाठवावं यावर खल झाला. कर्नलसाहेब पत्नीला घेऊन काठावर येऊन बसले होते, त्यांनाही तिष्ठून कंटाळा आला होता. "खेळा. पण साडेपाचच्या हजेरीचा बिगुल वाजला की खेळ संपला. स्वर्गातून संघ आला तरी माझी हजेरी पुढे जायची नाही." ऑर्डवेच्या कप्तानालाही परतीची गाडी गाठायची होती, त्याने मान डोलावली.

ऑर्डवे खरोखर चांगलं खेळत होतं. मध्यंतराला त्यांचे दोन, आमचा एक. दुसऱ्या डावातही लॅथ्रॉप छातीचा कोट करून घुसे आणि शेवटच्या दोघांत अडके, आणि मागे डेन्झिल, हुकुमाप्रमाणे गप्प. काठावरची पोरं ओरडून ओरडून थकली. कर्नलसाहेबांनी एकदा खिशातलं घड्याळ पाहिलं, आणि ते डेन्झिलने पाहिलं. खेळ जाणार, आपणही जाणार. बापाला काय सांगायचं, मागे उभा होतो पण बोललो नाही?

तेवढ्यात मैदानापलीकडच्या इमारतीतून एक बारीक आवाज हवेत तरंगत आला. कुणीतरी नवखा जिन्यापाशी उभा राहून कर्तव्य करत होता. "सर! हजेरीला दहा मिनिटं..."

डेन्झिलने कान टवकारले. त्याने मनोऱ्यावरच्या घड्याळाकडे पाहिलं. आवाज खरं सांगत होता. काठावर लेफ्टनंट क्विम्बी उभे होते, शिस्तीचे अधिकारी, नियमावली उशाशी घेऊन झोपणारा माणूस. नवख्याने मिनिटं पुकारावीत असं त्या नियमावलीत होतं. कुठे उभं राहून, ते मात्र नव्हतं.

लॅथ्रॉप उजवीकडून सुटला. एकाला चुकवलं. शेवटचे दोघे त्याच्या अंगावर आले. डेन्झिलने पुन्हा एकदा घड्याळ पाहिलं, छाती भरून घेतली, आणि आठ महिने साठलेला सगळा ट्रेव्हारो बाहेर आला:

"सर! रात्रीच्या जेवणाच्या हजेरीला नऊ मिनिटं बाकी आहेत, सर! पोशाख ओव्हरकोट, सर!"

तळ्यावरचे सगळे जागच्या जागी थिजले. ऑर्डवेच्या दोघांनी दचकून आभाळाकडे पाहिलं. लॅथ्रॉपने मात्र तीन वर्षं रोज हेच ऐकलं होतं. ही हाक आली की कान आवाजाकडे जाणार, ते त्याच्या हातात नव्हतं. त्याने मान वळवली, आणि मागे, डाव्या हाताला, एकट्या मोकळ्या उभ्या डेन्झिलला या मोसमात पहिल्यांदा पाहिलं. चकती मागे आली. डेन्झिलने ती थांबवलीसुद्धा नाही. दोन-दोन.

काठ नुसता उसळला. ऑर्डवेचा कप्तान पंचाकडे धावला. "हे काय चाललंय? याला भूक लागली असेल तर जेवायला पाठवा ना!"

पंच शांतपणे म्हणाला, "चकतीला हात लावायचा नाही असा नियम आहे. जेवणाची वेळ सांगायची नाही असा नाही."

लॅथ्रॉप मध्याकडे परतताना डेन्झिलच्या शेजारून गेला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही, पण कान लाल झाले होते. त्या दोन सामन्यांचा, त्या दोन पराभवांचा हिशोब त्याला आत्ता लागत होता. "मिस्टर ट्रेव्हारो," तो पुटपुटला, "किती मिनिटं राहिली ते मला कळायला हवं. पुकारत राहा. एका मिनिटाला एकदाच पुकारायचं, असं कुठेही लिहिलेलं नाही."

"हो, सर!"

मग काय विचारता! सात मिनिटं डावीकडून, सहा मिनिटं उजवीकडून, पाच मिनिटं सलग तीन वेळा. लॅथ्रॉप आता मान वळवतही नव्हता, आवाज येई तिकडे चकती जाई. ऑर्डवेची पोरं ओव्हरकोट, ओव्हरकोट ऐकून पिसाळली. त्यांच्यातला एक तर डेन्झिलला काठीने ढोसून म्हणाला, "अरे बाबा, कळलं! घाल तुझा तो कोट!" दोनदा त्यांच्या गोलरक्षकाने कशीबशी वाचवली. घड्याळाचा काटा सरकत होता आणि प्रत्येक वेळी डेन्झिल आधी काटा पाही आणि मगच तोंड उघडी, कारण चुकला असता तर जिंकूनही घरीच जावं लागलं असतं.

शेवटी लॅथ्रॉपने चकती पार आपल्या गोलापासून उचलली. कोपऱ्यावरून वळसा घेतला, एकाला मागे टाकलं, दुसऱ्याला खांदा दिला, आणि बाकीचे चौघे त्याच्यावर तुटून पडले. तो त्यांच्याखाली दिसेनासा झाला.

"सर! हजेरीला एक मिनिट, सर!"

त्या ढिगाऱ्याखालून चकती सरळ मागे घसरत आली, अगदी आवाजाच्या पायाशी. डेन्झिलने मारलेला तो फटका पुढे म्हातारपणीही तो हातवारे करून दाखवत असे, आणि दर वर्षी गोलरक्षक थोडा अधिक धिप्पाड होत असे. ते जाऊ द्या. चकती जाळ्यात गेली हे खरं. मागोमाग बिगुल वाजला.

पोरांनी टोप्या उडवल्या, कर्नलसाहेबांच्या पत्नी खुर्चीवर चढून उभ्या राहिल्या, आणि ओटिस फिस्क, ज्याला स्केट्स कशा घालतात ते ठाऊक नव्हतं, तो धावत तळ्यात शिरला आणि पाठीवर आपटून अर्ध्या तळ्यापर्यंत घसरत गेला. सगळे आनंदाच्या भरात होते, फक्त क्विम्बीसाहेब घड्याळाकडे बघत होते.

कारण हजेरीला सातही खेळाडू उशिरा पोचले.

"सातही जण," क्विम्बी म्हणाले. सात पोरं घामाने निथळत रांगेत उभी. "उशिराची सबब कुणाकडे आहे?"

"सबब नाही, सर!"

"नसणारच. हजेरी कधी आहे हे ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोयच ठेवली नाहीत. नदीपलीकडच्या गायींनाही ठाऊक होतं." ते डेन्झिलसमोर थांबले. "मिस्टर ट्रेव्हारो. आपण पुकारलेलं प्रत्येक मिनिट बरोबर होतं?"

"हो, सर."

"होतं. मी दर वेळी ताडून पाहिलं." त्यांनी घड्याळ खिशात टाकलं. "परंतु आपण पोशाख ओव्हरकोट सांगितला आणि स्वतः स्वेटरमध्ये उभे आहात. त्याबद्दल शिक्षा वेगळी. पुढच्या शनिवारी सातही जण खांद्यावर बंदूक घेऊन अंगणात येरझारा घालतील, आणि आपण सगळ्यांपेक्षा अर्धा तास जास्त."

मागे कर्नल स्प्रॅग येऊन उभे होते. ओठ घट्ट मिटलेले, पण मिशा थरथरत होत्या. "अगदी बरोबर, क्विम्बी. शिक्षा झालीच पाहिजे. आणि ती सांगून झाली की सुताराकडे जा. त्याला म्हणावं, पुढच्या हिवाळ्याला तळ्याभोवती चांगला फळ्यांचा कठडा हवाय. या पोरांनी आज माझ्या बायकोच्या मांडीवर चकती आणून टाकली."

पुढचा हिवाळा! डेन्झिल हनुवटी गळ्यात रुतवून, नजर समोर ठेवून उभा होता, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. नवख्याने डोळे पुसायला हात हलवायचा नसतो, म्हणून ते त्याने वाहू दिलं. घरी जायचा विचार त्या रांगेत जो गेला तो पुन्हा आला नाही. चारही वर्षं काढली त्याने, शेवटच्या वर्षी कप्तान झाला.

पुढच्या शनिवारी सातही जणांनी इमानेइतबारे येरझारा घातल्या. डेन्झिलचा जादा अर्धा तास सुरू झाला तेव्हा बाकीचे पाच आत शेकोटीला गेले. लॅथ्रॉप गेला नाही. बंदूक खांद्यावर घेऊन तो डेन्झिलच्या शेजारून अर्धा तास चालला. संपल्यावर म्हणाला, "मिस्टर ट्रेव्हारो, स्केट्स आणा."

तळ्याचा काठ पाघळायला लागला होता, मध्यभागी बर्फ अजून घट्ट होता. तिथे दोघंच. लॅथ्रॉपने उजवा हातमोजा काढला आणि हात पुढे केला. आमच्याकडे वरच्या वर्गातला नवख्याला असा उघडा हात देतो तो वर्ष संपताना, जूनमध्ये. हात मिळवला की मिस्टर संपलं, सर संपलं. जूनला अजून बराच अवकाश होता.

"एमरी," तो म्हणाला. "एमरी लॅथ्रॉप."

डेन्झिलने हात धरला, पण तोंडातून नुसतं "सर" एवढंच निघालं.

"सर नाही. दोन सामने तू माझ्या मागे मोकळा होतास आणि मी गाढवासारखा तुलाच विचारत राहिलो. आता मी पुढे जातो. तेव्हा जे म्हणायचं होतं ना, ते म्हण. सगळं."

चकती घेऊन तो निघाला. डेन्झिल मागे, डाव्या हाताला. पाच-दहा हात तो तसाच गेला, तोंड उघडं, आवाज नाही. मग छाती भरून आली आणि पलीकडच्या कड्यावरचे कावळे उडाले.

"अरे एमरी! आंधळा आहेस का रे? केव्हाचा उभा आहे मी! सोड की मागे, सोड!"

लॅथ्रॉपने हसत हसत, न बघता, चकती मागे सोडली.